अण्णांच्या पायाची जखम आणि चेतकची किक : एक प्रकरण अभ्यास

चिंचवडच्या एका पायाच्या क्लिनिकमध्ये मी फिजिओथेरपिस्ट आहे. मधुमेहामुळे पायाला झालेल्या जखमा आमच्याकडे रोजच येतात. त्यातलं हे एक प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे. यात रुग्णाने डॉक्टरांची सूचना शब्दशः पाळली होती, औषधं वेळेवर चालू होती, घरच्यांचं लक्ष होतं, आणि तरीही जखम पाच महिने जागची हलली नव्हती. लिहायला रुग्णाची आणि त्यांच्या पत्नीची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

अण्णांचं वय 71. भोसरी एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. मधुमेह 17 वर्षांपासून, रक्तदाबाची गोळी चालू, डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. तंबाखू, सिगारेट कधीच नाही. घरी पत्नी, मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारी नात. आणि 1983 साली घेतलेली बजाज चेतक.

केसपेपरवर गाडीचा उल्लेख सहसा नसतो. इथे तो करावाच लागेल, कारण गाडी बाजूला ठेवली तर हे प्रकरण समजतच नाही. इटलीच्या पियाजिओ कंपनीबरोबरचा परवाना 1971 मध्ये संपल्यावर बजाजने 1972 मध्ये स्वतःच्या नावाने चेतक आणली. ती आकुर्डीत बनायची. पुढची कितीतरी वर्षं नंबर लावून थांबल्याशिवाय ती मिळत नसे. पिंपरी-चिंचवडमध्ये तिचं नातं फक्त विकत घेणाऱ्यांशी नव्हतं. भोसरी-चिंचवडच्या लहानमोठ्या शेडमध्ये तिचे सुटे भाग बनत, त्या भागांच्या डाय, म्हणजे साचे, बनत. अण्णांनी तरुणपणी अशाच डायवर काम केलं. आपल्या हातच्या डायमधून निघालेला भाग ज्या गाडीला बसतो ती गाडी आपल्या दारात उभी आहे, याचं त्यांना जे वाटतं ते त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. त्या वेळी मी ते ऐकलं आणि पायाकडे वळले.

ज्यांनी गिअरची स्कूटर कधी चालवलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. 145 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, तेही उजव्या बाजूला, त्यामुळे गाडी मुळातच एका अंगाला जड. डाव्या हाताने क्लच दाबायचा आणि तीच मूठ मनगटातून फिरवून गिअर टाकायचा. उजव्या हातात अ‍ॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक. मागचा ब्रेक उजव्या पायाखाली, पायदानातून वर आलेल्या पेडलवर. किकही उजव्याच बाजूला. म्हणजे सुरू करायची उजव्या पायाने आणि थांबवायचीही उजव्या पायाने. अण्णांची जखम त्याच पायाला होती.

आले तेव्हाची स्थिती

जखम अंगठ्याच्या मुळाशी, चवड्याच्या ज्या हाडावर आपण पाऊल उचलताना रेटा देतो, नेमकी त्याच्या खाली. साधारण पावणेदोन सेंटिमीटर रुंद, गोल, कडेने जाड पांढरट घट्टा. पू नाही, वास नाही. सळई घालून पाहिली तर हाडापर्यंत जात नव्हती, एक्स-रेतही हाड स्वच्छ होतं. पायातल्या दोन्ही नाड्या बोटाला नीट लागत होत्या आणि घोटा-दंड रक्तदाबाचं गुणोत्तर 1.05 आलं. 0.9 च्या वर म्हणजे पायाला रक्त व्यवस्थित पोचतंय. मधुमेही पायात ही मोठी जमेची बाजू.

वजाबाजू संवेदनेची होती. आम्ही 10 ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळपायाला टेकवून तो वाकेपर्यंत दाबतो आणि रुग्णाला डोळे मिटून 'लागलं' असं सांगायला लावतो. उजव्या पायाच्या चवड्यावर अण्णांना एकाही ठिकाणी लागलं नाही. डाव्या पायाला टाचेजवळ थोडं कळत होतं. कंपनाची जाणीव मोजणाऱ्या यंत्रावर 25 व्होल्टच्या पुढे जाईपर्यंत काही जाणवलं नाही की आम्ही पाय धोक्यात धरतो; अण्णांना 40 व्होल्टलाही काही जाणवत नव्हतं. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए1सी 8.6 होतं.

अशी जखम कशी होते हे घरच्यांना समजावताना मी नेहमी एकच गोष्ट सांगते. आपल्या पायाला काही टोचलं, घासलं की आपण नकळत पाय हलवतो, वजन दुसऱ्या पायावर घेतो. ज्याला टोचलेलं कळतच नाही तो त्याच जागेवर पुन्हा पुन्हा भार देत राहतो. आधी घट्टा होतो, घट्ट्याच्या आत रक्त साकळतं, मग वरची कातडी फुटते. तिथे मलम कोणतंही लावा, दाब हटला नाही तर जखम भरत नाही. निम्म्याहून जास्त उपचार हा दाब काढण्याचाच असतो.

आमच्याकडे येण्याआधी अण्णा दोन ठिकाणी जाऊन आले होते. ड्रेसिंग झालं, दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला, महागडं मलम झालं. दोन्हीकडे स्कूटर बंद करायला सांगितलं होतं. अण्णांनी ती बंद केली. खरोखर केली. पाच महिन्यांत गाडी सोसायटीच्या गेटबाहेर गेली नव्हती, हे त्यांच्या मुलाने शपथेवर सांगितलं आणि ते खरंच होतं.

आम्ही घट्टा कापून काढला आणि एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची सँडल करून दिली. जखमेच्या जागी तळव्यात खड्डा ठेवलेला, म्हणजे ती जागा टेकणार नाही. घरातसुद्धा ही घातल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, असं बजावलं. पुढच्या आठवड्यात जखम तेवढीच. त्याच्या पुढच्या आठवड्यात कडेला नवा घट्टा.

सँडलवरची खूण

तिसऱ्या भेटीत मी पाय बाजूला ठेवून सँडल हातात घेतली. वापरलेलं पादत्राण उलटंसुलटं करून पाहणं हा आमच्या कामाचा भाग आहे. झीज कुठे झाली यावरून माणूस कसा चालतो ते कळतं. अण्णांच्या उजव्या सँडलच्या खालच्या बाजूला, चवड्याच्या ठिकाणी, आडवी एक खाच पडली होती. बोटाच्या जाडीची, चकाकणारी, आणि तिच्यात काळं ग्रीस बसलेलं. डावी सँडल स्वच्छ होती.

चालून अशी खाच पडत नाही. चालताना झीज पसरते. ही एकाच जागी काहीतरी अरुंद, कडक वस्तू जोर लावून दाबल्याची खूण होती.

"अण्णा, हा पाय कशावर दाबता तुम्ही?"

"कशावर नाही हो मॅडम. घरातच असतो मी."

काकू शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, सकाळी गाडी सुरू करता ना रोज."

अण्णांनी लगेच मान्य केलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. डॉक्टरांनी चालवू नका म्हटलं, ते चालवत नव्हते. रोज सकाळी पार्किंगमध्ये जायचं, स्टँडवरच गाडी सुरू करायची, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, बंद करून वर यायचं. जुनं इंजिन, थंड असताना पहिल्या किकला सुरू होत नाही. चोक ओढून सात-आठ किका, थंडीत त्याहून जास्त. आणि किकच्या दांड्यावरचं रबर केव्हाच गळून पडलेलं, खाली उघडं लोखंड.

म्हणजे ज्या चवड्यावरून आम्ही सगळा भार काढू पाहत होतो, त्याच चवड्याने अण्णा रोज सकाळी बोटभर रुंदीच्या लोखंडावर अंगाचा भार टाकून झटके देत होते. सँडलमधला खड्डाही तिथे उपयोगाचा नव्हता. किकचा दांडा तळव्याच्या मऊ भागातून वर रुतत होता आणि खड्ड्याची कडच जखमेच्या काठाला लागत होती.

पाच महिन्यांत तीन ठिकाणच्या आम्हा लोकांपैकी कुणीही त्यांना हे विचारलं नव्हतं. केसपेपरवर 'दुचाकी चालवतात का?' या प्रश्नापुढे 'सध्या बंद' असं लिहिलेलं होतं. उत्तर बरोबर होतं. प्रश्न अपुरा होता.

मेकॅनिकचा सल्ला

आता खरा उपाय म्हणजे न काढता येणारं प्लास्टर. गुडघ्याखालपासून बोटांपर्यंत पायाला अंगाबरोबर बसणारं फायबरचं प्लास्टर घालायचं, ज्यामुळे भार चवड्यावर न येता पोटरीच्या बाजूंनी वाटला जातो. रक्तपुरवठा चांगला असलेल्या, संसर्ग नसलेल्या अशा जखमेसाठी याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. भरवशाचं असण्याचं एक साधं कारण म्हणजे ते रुग्णाला काढता येत नाही.

अण्णांनी सरळ नकार दिला. कारण विचारल्यावर म्हणाले, "प्लास्टरात किक कशी मारणार?"

काकूंना राग आला, मुलाला आला. मला त्या नकाराच्या मागे काय आहे ते जाणून घ्यायचं होतं. अण्णा जे बोलले ते मी त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवलं आहे. "मुलगा वाईट नाही. पण बंद पडलेली गाडी विकायला सोपी जाते. 'पप्पा, तशीही ती सुरूच होत नाही' असं म्हणायची पाळी मला त्याच्यावर येऊ द्यायची नाही." जुन्या चेतकला आज चांगले पैसे देणारे लोक आहेत, घरी एकदोघे विचारूनही गेले होते. रोज सकाळची किक ही अण्णांची त्याच्यावरची तजवीज होती.

भीती खोटी नव्हती. तिला 'हट्ट' असं नाव देऊन आपण पुढे जातो आणि मग रुग्ण आपल्याला काही सांगेनासा होतो. वयस्कर गाडीवाल्यांच्या बाबतीत हे मी आता सतत पाहते: दवाखान्यात गेलं की गाडी जाणार, म्हणून दवाखानाच टाळायचा. छातीत भरून येतं, हाताला मुंग्या येतात, रात्री समोरच्या दिव्याने डोळे दिपतात, आणि हे सगळं मनात ठेवलं जातं.

मग मी अण्णांना विचारलं, तुमच्या गाडीचं काम कोण करतं? चिखलीतले एक मेकॅनिक, तीस वर्षांपासून तेच. त्यांना फोन लावून स्पीकरवर घेतलं. रोज पाच मिनिटं सुरू केल्याने गाडीला खरोखर किती फायदा होतो, एवढंच विचारलं.

ते म्हणाले, "फायदा? नुकसान होतं मॅडम. अण्णा रोज सुरू करतात? मला बोलले नाहीत कधी."

पुढची दहा मिनिटं ते दोघेच बोलत होते. थंड इंजिन चोकवर पाच मिनिटं चालवून बंद केलं की ते पुरतं तापत नाही, प्लग ओला आणि काळा होतो, सायलेन्सरमध्ये कार्बन आणि तेल साचतं, आणि म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त किका लागतात. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा धरतं. कार्बोरेटरमध्ये तसंच पडून राहिलं तर आतून खराबी करतं. गाडी दोन-तीन महिने उभी ठेवायची तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. टाकीतलं पेट्रोल काढायचं. प्लग उघडून सिलिंडरमध्ये थोडं टू-टी ऑइल सोडायचं, किक हाताने दोनदा हळू फिरवायची, प्लग परत लावायचा. टायरमध्ये हवा भरायची आणि झाकून ठेवायची. मेकॅनिकने ते स्वतः येऊन करून देण्याचं कबूल केलं.

आणि शेवटी ते जे म्हणाले त्याने प्रकरण मार्गी लागलं: "अण्णा, पाय बरा झाला की मला फोन करा. दोन किकमध्ये सुरू करून देईन, नाहीतर पैसे घेणार नाही."

अण्णांनी त्याच आठवड्यात प्लास्टर घालून घेतलं. मी मुलालाही बोलावून घेतलं आणि अण्णांसमोरच विचारलं. त्याने गाडी विकणार नाही असा शब्द दिला. हे फिजिओथेरपिस्टचं काम नाही असं कुणी म्हणेल. त्या शब्दाशिवाय प्लास्टर लागलं नसतं, इतकंच मी सांगू शकते.

भरण्याचे आठवडे

पहिलं प्लास्टर तीन दिवसांनी बदललं, कारण सूज उतरली की ते सैल होऊन आतच घासायला लागतं. पुढे दर आठवड्याला. दुसऱ्या पायाची उंची वाढवायला डाव्या चपलेला टाच लावली, नाहीतर कंबर धरते. जखमेचा आकार पहिल्या तीन आठवड्यांतच निम्म्यावर आला, आणि नवव्या आठवड्यात ती बंद झाली. दरम्यान त्यांच्या फिजिशियननी रात्रीचं इन्सुलिन सुरू केलं आणि साखर हळूहळू खाली आणली.

खर्चाबद्दल एक गोष्ट मला मनापासून खटकते. अण्णांकडे आयुष्मान कार्ड आहे. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, या योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि ते मोलाचं आहे. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचं. ओपीडीत दर आठवड्याला घातलेलं प्लास्टर, ड्रेसिंग, एमसीआरच्या सँडल हे सगळं खिशातून. बहुतेक खासगी विम्यांचंही तसंच. पाय इतका बिघडला की तो कापायची वेळ यावी, तर पैसे मिळतात. तो वाचवणाऱ्या चपलेला मिळत नाहीत. अण्णांच्या पेन्शनमध्ये हे कसंबसं बसलं. अनेकांचं बसत नाही, आणि ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात यायचे थांबतात.

रविवारचे स्कूटरवाले

अण्णांचा एक गट आहे. रविवारी सकाळी निगडीच्या भक्ती-शक्ती चौकाजवळ जमायचं, चहा घ्यायचा आणि देहूपर्यंत किंवा पवनेच्या बाजूला जाऊन यायचं. चेतक आहेत, साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनलेली एक प्रिया आहे, एक लॅम्ब्रेटा आहे. माणसं बहुतेक साठीच्या पुढची. प्लास्टर असताना अण्णांना त्यांच्यातलेच कुणीतरी रिक्षाने चहापुरतं घेऊन जायचे.

अण्णांच्या आग्रहाने मी एका रविवारी तिथे गेले. नायलॉनचा धागा आणि कंपनाची जाणीव तपासायचा ट्यूनिंग फोर्क पिशवीत होता. बूट-मोजे काढा म्हटल्यावर आधी सगळे हसले, मग लॅम्ब्रेटावाले पहिले बसले. चहाच्या टपरीच्या बाकावर एकेकाचे पाय मांडीवर घेऊन तपासले. मधुमेह असलेल्या तिघांना चवड्यावर धागा कळत नव्हता. त्यांतल्या एकाच्या अंगठ्याखाली अण्णांच्या जखमेच्याच जागी घट्टा होता, आत काळसर ठिपका. आत साकळलेलं रक्त. फुटायच्या आधीची पायरी. ते दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये आले आणि त्यांची जखम झालीच नाही.

बोलता बोलता बाकीचंही बाहेर आलं. एकांना डाव्या हाताची करंगळीशेजारची बोटं सकाळी आखडून बसतात, क्लच दाबला की कट्कन सुटतात. हा ट्रिगर फिंगर, मधुमेहात नेहमी दिसणारा, आणि इंजेक्शनने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने सुटण्यासारखा. त्यांनी तो दोन वर्षं कुणाला सांगितला नव्हता. एकांच्या हृदयात स्टेंट बसवलेले, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू, आणि ते खिशात त्याची चिठ्ठीसुद्धा ठेवत नव्हते. रस्त्यात पडले तर उचलणाऱ्याला कळणार कसं? आता त्या गटातल्या प्रत्येकाच्या डिकीत औषधांच्या नावांचा आणि घरच्या नंबरचा कागद असतो. गटातल्या एकांनी तो टाइप करून, लॅमिनेट करून सगळ्यांना दिला.

किकच्या दांड्याला रबर नसलेली गाडी तिथे एकट्या अण्णांचीच नव्हती. हा भाग जुन्या बाजारात सहज मिळतो. पुढच्या रविवारपर्यंत सगळ्यांनी बसवून घेतला.

चालवायची की नाही

जखम बंद झाल्यावर अण्णांनी अपेक्षित प्रश्न विचारला. त्यांच्या फिजिशियननी तो माझ्याकडे पाठवला.

मधुमेहामुळे पायाची एकदा भरलेली जखम वर्षभरात परत होण्याचं प्रमाण सुमारे 40 टक्के आहे. त्यामुळे किक मारणं कायमचं बंद, याबद्दल चर्चा नव्हतीच. रबर बसवलं तरी नाही. पण चालवण्याचा प्रश्न जखमेपेक्षा वेगळा होता. उजव्या पायाला कळतच नसेल, तर त्या पायाने मागचा ब्रेक किती दाबला हे अण्णांना कळणार कसं?

त्यासाठी मी घरातल्या वजनाच्या काट्याचा उपयोग केला. खुर्चीवर बसवून, बूट घालून, उजवा पाय काट्यावर ठेवायचा. काट्याकडे बघत 10 किलो दाब द्यायचा आणि धरायचा. मग डोळे मिटून तेवढाच द्यायचा. पहिल्या वेळी काटा 19 वर गेला, नंतर 6, मग 23. अण्णांना तिन्ही वेळा सारखाच दाब दिल्यासारखं वाटत होतं. डाव्या पायाने ते तुलनेने बरंच अचूक जमलं. एका पायावर उभं राहण्याची चाचणी घेतली तर उजव्यावर चार सेकंदही टिकले नाहीत. सिग्नलला एका अंगाला जड असलेली गाडी पाय टेकवून सावरायची म्हणजे हेच लागतं.

मी त्यांना आकडे दाखवले. टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला मापाची भाषा कळते. ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले आणि म्हणाले, "हा पीस मी रिजेक्ट केला असता."

माझा सल्ला असा होता: रस्त्यावर चेतक चालवायची नाही. हाताने चालणारा मागचा ब्रेक बसवून घेण्याची कल्पना गटातल्या एकांनी मांडली. असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही, आणि तोल जाण्याचा प्रश्न त्याने सुटतही नाही. बिनगिअरच्या स्कूटरला दोन्ही ब्रेक हातात असतात आणि सेल्फ स्टार्ट असतो, इलेक्ट्रिक चेतकलाही तसंच. त्यामुळे उजव्या पायाची दोन्ही कामं तिथे सुटतात. पण तोल सुधारल्याशिवाय त्यालाही मी हो म्हटलं नाही. चार महिने तोलाचे आणि घोट्याचे व्यायाम चालू आहेत. एका पायावरचा वेळ आता अकरा सेकंदांपर्यंत आला आहे. इन्सुलिनमुळे साखर उतरण्याचा धोका वेगळा, म्हणून गाडीवर बसण्याआधी साखर तपासायची सवय आत्तापासूनच लावली आहे, नुसतं मागे बसायचं असलं तरी.

गाडी सुरू करून दिली ती मेकॅनिकने. तिसऱ्या किकला झाली. आता ती नात चालवते. गिअर तिला अण्णांनी सोसायटीच्या आवारात शिकवला, स्वतः बाजूला उभं राहून. रविवारी अण्णा गटातल्या कुणाच्या तरी मागे बसतात. मागे बसतानाही पायात बंद बूट, कारण पायदानाच्या कडेला पाय घासतो आणि त्यांना कळत नाही.

सगळं सुरळीत आहे असं म्हणता येणार नाही. चौथ्या महिन्याच्या तपासणीत जुन्या जागी पुन्हा पातळ घट्टा दिसला. किक नाही, चालवणं नाही. बरंच विचारल्यावर कळलं की सकाळी गाडी पुसताना ते चप्पल काढून ठेवतात, ओल्या फरशीवर उकिडवे बसतात, आणि उठताना सगळा भार त्याच चवड्यावर घेतात. घट्टा काढला. आता पुसायला एक लाकडी स्टूल ठेवलं आहे, आणि काकू वरून खिडकीतून बघतात. दर सहा आठवड्यांनी तपासणी चालू राहील, बहुधा कायमची.

पुढचा प्रश्न लायसन्सचा आहे. वयाच्या 55 नंतर ते पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं आणि अण्णांचं पुढच्या वर्षी संपतं. चाळिशीनंतर लागणारा फॉर्म 1-ए डॉक्टरांनी भरून सही करायचा असतो. त्यात नजर, रंग ओळखणं, ऐकू येणं, हातापायांतलं व्यंग यांबद्दल विचारलेलं असतं; तळपायाची संवेदना तपासा असं वेगळं कुठे लिहिलेलं नाही. अनेक ठिकाणी ही सही रुग्णाला न तपासताच मिळते, हे सगळ्यांना माहीत आहे. अण्णांनी मला विचारलं की त्यांनी कुणाकडे जावं. मी त्यांच्या फिजिशियनकडेच पाठवणार आहे, सोबत धाग्याच्या चाचणीचा, वजनकाट्याचा आणि तोलाचा अहवाल देऊन, म्हणजे सही करायची की नाही आणि कोणत्या गाडीसाठी, हे त्यांना आकड्यांवरून ठरवता येईल. अण्णांनी तो अहवाल आधी स्वतः वाचायला मागितला आहे. पुढच्या भेटीत तो त्यांना देणार आहे.